जिन्यातला दिवा

आमच्या इमारतीच्या जिन्यात दिवे आपोआप लागतात,
माणूस हलला की.
रात्री अडीचला मी दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा असतो.
समोरच्या काचेत उजेड येतो,
पावलं जातात,
उजेड जातो.

शाल्मली. एकोणीस मजले, वर आणि खाली.
किती वेळा, ते तिलाच ठाऊक.
नाही, मलाही ठाऊक आहे. मी मोजतो.

शारजात जूनमध्ये बाहेर धावता येत नाही,
रात्रीसुद्धा हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसते.
म्हणून जिना.
नातूर शफीकने मला पार्किंगमध्ये गाठून सांगितलं,
साब, बिटिया लिफ्ट नहीं लेती,
आणि मग माझ्याऐवजी त्यानेच मान खाली घातली.

नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर आहे.
डॉक्टरने पेनाच्या टोकाने दाखवली. सहा आठवडे विश्रांती.
तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं,
विश्रांती हा परक्या भाषेतला शब्द असावा
आणि अर्थ मी सांगावा, तसं.

वैजूने बूट पिठाच्या डब्यात लपवले.
ती अनवाणी गेली.
वैजूने दाराला आतून कुलूप लावलं.
मग बाथरूममध्ये, नळ मोठा सोडून, उठाबशा.
खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन गृहस्थ वर आले,
छतातून धपधप येते, काही बिघडलंय का, विचारायला.
नळ, मी म्हणालो.

कुठून सुरू झालं?
वैजू म्हणते, गणपतीत. देवरुखला माझी बहीण
सगळ्यांदेखत म्हणाली,
अंगानं भरलीस गं, तिकडचं पाणी मानवलं!
बहिणीवर ढकलणं सोपं आहे. ती समुद्रापलीकडे आहे.
मला आठवते त्यानंतरची एक सकाळ:
ही अल खानच्या पाण्याकाठून धावून आली, लालबुंद,
आणि मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो,
शाब्बास.
त्या आठवड्यात तीनदा म्हणालो.
आधीच्या सोळा वर्षांत किती वेळा, ते मात्र मोजलेलं नाही.

आणि मी तरी कधी बसलो?
पहाटे पाचला जबेल अलीची बस,
सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम, अंगात ताप असला तरी.
आमचे अण्णा म्हणायचे, बसून खाल्लं तर डोंगरही संपतो.
आमच्याकडे डोंगर नव्हताच,
तरी ती भीती मी सामानात घालून इकडे आणली,
लोणच्याच्या बरणीसारखी, कपड्यांत गुंडाळून.
घास आधी कमवायचा, मग गिळायचा.
तिने फक्त हिशेब चोख ठेवला:
एका पोळीला चार फेऱ्या.

काल मी भिंगाशी थांबलो नाही.
लुंगीवरच बाहेर पडलो,
बाराव्या मजल्याच्या पायरीवर बसलो, वाट अडवून.
ती वरून आली. लंगडत. थांबली.
बाबा, सरका ना. अजून सात राहिल्यात.
गुडघे धरलेत गं, म्हणालो, उठवत नाही.
खोटं नव्हतं.

ती दोन पायऱ्या वर बसली.
तिचा पाय थरथरत होता,
त्या थरथरीवर दिवा चालू राहिला.
बोलायचं म्हणून योजलेलं सगळं
बाराव्या मजल्यावर चढेपर्यंत विसरलं होतं.
विचारलं, शफीकच्या मांजरीला पिल्लं झाली म्हणे?
चार, ती म्हणाली. एक नेहमी खांबामागे असतं.

मग पाय थांबला
आणि दिवा गेला.
तिने सवयीने हात वर केला, लागला.
पुन्हा गेला.
या वेळी कुणी हात केला नाही.
भिंतीपलीकडे लिफ्ट वर आली, कुणीतरी आपल्या घरी गेलं.
अंधारात तिचा श्वास हळूहळू लांब होत होता,
लहानपणी माझ्या पोटावर झोपायची तेव्हासारखा,
किंवा मला तसं वाटलं.

आज पुन्हा अडीच वाजतील.
शर्टाच्या खिशात दोन खजूर ठेवलेत.
तिला देईनच असं नाही.
ठेवलेत.